चौदा व्यवसाय, आठ महिने: सोलापुरातील मार्गदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

मी एका सूतगिरणीच्या हिशेब विभागात २७ वर्षे नोकरी केली. माझ्या सहकारी ताईंनी शहराच्या पूर्व भागात १५ वर्षे शिवणकामाचा छोटा कारखाना चालवला. आम्ही दोघांनी मिळून १४ छोट्या व्यावसायिकांना आठ महिने प्रशिक्षण आणि मार्गदर्शन देण्याचे ठरवले. शेजारच्या एका मंडळाने शिलकीतून ४०,००० रुपये दिले, उरलेले ३५,००० आम्ही घातले. असेच काम अंगावर घेणाऱ्यांना आमच्या चुका आधीच कळाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. व्यावसायिकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

९ जून २०२४

पहिला वर्ग. १४ पैकी १४ जण हजर राहिले आणि आम्ही उगाचच खूश झालो. गटात शिवणकाम करणाऱ्या चौघी, मागावर टॉवेल विणून विकणारे दोघे, ब्यूटी पार्लरवाल्या दोघी आणि शेंगा चटणी, कडक भाकरी, पापड-कुरडई, पिठाची गिरणी, किराणा व फॅब्रिकेशन यांतील प्रत्येकी एक अशी मंडळी आहेत. सभागृहाचे भाडे १,५०० रुपये आणि प्रोजेक्टरचे १,२०० रुपये झाले. मी ४२ स्लाइड्सचे सादरीकरण केले होते, त्यात व्यवसाय म्हणजे काय इथपासून ताळेबंदापर्यंत सगळे होते. अडीच तासांत एकानेही प्रश्न विचारला नाही. मला ते लक्षपूर्वक ऐकत असल्याचे लक्षण वाटले.

१६ जून

नऊ जण आले. शिवणकामवाल्या चौघींपैकी एकही आली नाही. ताईंनी फोन केल्यावर कळले की शाळा उघडल्यामुळे गणवेशाची कामे रात्री बारापर्यंत चालू आहेत. वर्षातला जो महिना त्यांच्या कमाईचा, तोच आम्ही वर्गासाठी निवडला होता, आणि ताईंनी स्वतः हा धंदा करूनही ही गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. माझ्या मते ही चूक माझीच, कारण तारखा मी माझ्या सोयीने ठरवल्या होत्या.

२३ जून

पाच जण. आजच्या वर्गासाठी एका मोठ्या उद्योजकांना बोलावले होते. त्यांच्या येण्या-जाण्यावर आणि शाल-श्रीफळावर ३,००० रुपये खर्च झाले. त्यांनी पावणेदोन तास स्वतःच्या खडतर दिवसांची हकीकत सांगितली, ती ऐकायला चांगली होती, पण शेवटी गिरणीवाल्या अण्णांनी "साहेब, दळणाचे पैसे उधारीवर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे?" असे विचारले तेव्हा त्यांच्याकडे "माणूस ओळखायला शिका" यापलीकडे उत्तर नव्हते. पाहुण्यांची व्याख्याने आजपासून बंद.

रविवार सकाळ हीसुद्धा चुकीची वेळ निघाली. किराणावाल्या काकांचे दुकान त्याच वेळी सर्वांत जास्त चालते आणि पार्लरवाल्यांचेही तसेच. आम्ही सगळ्यांना एकेक करून विचारले, तेव्हा मंगळवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ अकरा जणांना जमणारी निघाली. एका वाचनालयाने मागची खोली विनामूल्य दिली. तिथे प्रोजेक्टर लावायला भिंत नाही, आणि ते बरेच झाले.

२ जुलै

मंगळवारचा पहिला वर्ग, दहा जण हजर. आज सादरीकरण नव्हते. प्रत्येकाने मागच्या महिन्यातली खरेदीची बिले, चिठ्ठ्या, मोबाइलमधले पैसे पाठवल्याचे संदेश, जे मिळेल ते सोबत आणावे असे सांगितले होते. सहा जणांनी काहीच आणले नाही. दोघांनी पिशवी भरून आणली. चटणीवाल्या ताईंनी दिनदर्शिकेची पाने आणली, कारण त्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब लिहितात. त्या पानांवरून आम्हाला पहिल्यांदा खऱ्या आकड्यांवर बोलता आले.

गटातील पाच जणांच्या घरी तेलुगू बोलली जाते. मराठी त्यांना उत्तम येते, पण मोजताना ते तेलुगूत मोजतात आणि मी मराठीत भराभर आकडे सांगत गेलो की मागे पडतात. ताईंना तेलुगू येते. यापुढे बेरीज-वजाबाकी त्यांनी फळ्यावर करायची आणि मी गप्प बसायचे असे ठरले.

९ जुलै

मी मोठ्या हौसेने बारा रकान्यांची रोजमेळ वही छापून घेतली होती. वह्या आणि झेरॉक्स मिळून आतापर्यंत २,९०० रुपये गेले. एका आठवड्यात ती वही फक्त एकाने भरली, आणि तोही पूर्वी दुकानात कारकून होता. बाकीच्यांनी खरे काय ते सांगितले: रात्री साडेनऊला दुकान बंद करून आल्यावर "इतर प्रत्यक्ष खर्च" या रकान्यात काय लिहायचे याचा विचार करण्याइतके त्राण उरत नाही.

नवी वही साधी, शाळेच्या मुलांची, दुरेघी. एका दिवसाला एकच ओळ आणि चार खाने: आले, गेले, उधारी दिली, घरासाठी घेतले. चौथा खाना ताईंनी सुचवला. माझ्या बारा रकान्यांत तो नव्हता, आणि प्रत्यक्षात पुढचे सगळे काम त्या एका खान्यावर उभे राहिले. रोज रात्री पानाचा फोटो ताईंच्या मोबाइलवर पाठवायचा, एवढीच अट.

२३ जुलै

आषाढी वारीमुळे मागचा मंगळवार रिकामा गेला. दोन आठवड्यांत फोटो किती आले ते मोजले: ११ जणांचे मिळून १५४ यायला हवे होते, ८९ आले. फॅब्रिकेशनवाल्या मालकांचे १४ पैकी १३ आले. त्यांच्या वहीत चौथ्या खान्याची बेरीज ११,४०० रुपये निघाली आणि ते स्वतःच चकित झाले, कारण ते घरखर्चाला महिन्याला बारा हजार देतात असे समजत होते. गल्ल्यातून मुलगा रिचार्जला घेतो, पाहुण्यांसाठी नाश्ता येतो, गाडीत पेट्रोल जाते, आणि हे सगळे धंद्याचे म्हणून खपते. आम्ही त्यांना दोन वेगळी खाती आणि दुकानासाठी वेगळा क्यूआर कोड करायला सांगितले. यात त्यांचा अर्धा दिवस गेला, पैसे लागले नाहीत.

६ ऑगस्ट

आजची नोंद लांब आहे, कारण इथे आम्हाला पहिल्यांदा काहीतरी सापडले.

वर्गात किंमत काढण्याचा विषय दोनदा घेऊनही कुणाला पटला नव्हता. म्हणून आम्ही चटणीवाल्या ताईंच्या घरीच सकाळी सातला जाऊन बसलो, वजनकाटा सोबत नेला आणि १० किलो चटणीचा एक घाणा भाजण्यापासून पाकिटे बंद होईपर्यंत पाहिला. (आम्ही घेतलेले दोन काटे प्रत्येकी ३,१०० रुपयांचे. विक्रीसाठी वापरायचा काटा वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घ्यावा लागतो. आमचे फक्त मोजून पाहण्यासाठी होते.)

ताईंच्या मते चटणी किलोला १६० रुपयांना पडत होती आणि त्या दुकानदारांना २४० ने देत होत्या, म्हणजे किलोमागे ८० रुपये सुटत होते. त्या फक्त दाणे, तिखट आणि लसूण मोजत होत्या. प्रत्यक्षात निघालेले आकडे असे: कच्चे शेंगदाणे साडेनऊ किलो १२४ च्या भावाने १,१७८ रुपये, कारण भाजून सालं काढल्यावर ते नऊ किलोही राहत नाहीत, तिखट ९०० ग्रॅम २३४ रुपये, लसूण ७०० ग्रॅम २८० च्या भावाने १९६ रुपये, मीठ-जिरे ५८, गॅस ७०, वीज २०, पाव किलोची ४० पाकिटे लेबलासह ४ रुपयांप्रमाणे १६०, मदतनीस बाईंचे चार तास २००, दुकानांपर्यंत रिक्षा ५०. इथपर्यंत २,१६६ झाले. चाखण्यात, सांडण्यात आणि पाकिटात थोडी जास्त जाण्यात जे गेले ते जाऊन विकण्याजोगी चटणी बरोबर १० किलो भरली.

मग मी विचारले की तुमचे स्वतःचे पाच तास कुठे आहेत? ताई म्हणाल्या, "माझे कसले पैसे, घरचंच काम आहे." यावर आमच्या सहकारी ताईंनी त्यांना एवढेच विचारले की, उद्या तुम्ही आजारी पडलात तर हे काम कुणाकडून किती पैशांत करून घ्याल. थोडा वेळ विचार करून त्यांनी तासाला ६० रुपये सांगितले. ३०० मिळवल्यावर एकूण २,४६६ रुपये, म्हणजे किलोला २४६ रुपये ६० पैसे. चटणी २४० ने जात होती. मालाला मागणी होती, दुकानदार आगाऊ मागत होते, आणि प्रत्येक किलोमागे साडेसहा रुपयांचा तोटा होत होता.

ताई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग त्यांनी स्वयंपाकघरातून सुपारीचा डबा आणला आणि आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. दुसऱ्यांदाही तेच आले.

लसणाचा भाव यंदा कसा चढला आहे हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. भाव तिपटीने वाढला तरी चटणीची किंमत दोन वर्षे तीच राहिली होती.

२० ऑगस्ट

नारळी पौर्णिमेनंतरचा वर्ग. चटणीचे पाव किलोचे पाकीट दुकानदारांना ६० ऐवजी ७० ने द्यायचे ठरले होते, छापील किंमत ७५ वरून ८५. दुकानदाराचा नफा पूर्वीइतकाच, १५ रुपये, राहतो हे आम्ही मुद्दाम पाहिले. सहापैकी दोन दुकानांनी माल बंद केला. आठवड्याची विक्री ६० किलोवरून ४४ वर आली आणि ताई रडवेल्या झाल्या. मग वहीत मांडून पाहिले: पूर्वी ६० किलोवर आठवड्याला सुमारे ४०० रुपये तोटा होत होता, आता ४४ किलोवर १,४७० रुपये शिल्लक राहतात, आणि स्वतःचे कष्टाचे तास ३० वरून २२ झाले आहेत. तरीही गेलेली दोन दुकाने त्यांना खटकतात, आणि मला ते समजू शकते.

भाव वाढवण्याचा सल्ला आम्ही सगळ्यांना सरसकट देऊ लागलो, ती मात्र चूक झाली. पापडवाल्या मावशींनी आमचे ऐकून भाव वाढवला आणि त्यांची विक्री जवळपास थांबली, कारण त्यांच्या गल्लीत तसेच पापड करणाऱ्या आणखी चौघी आहेत. शेवटी त्यांनी भाव पुन्हा खाली आणला. त्यांच्या बाबतीत तोटा भावात नव्हताच, तो एका वेळी थोडे थोडे उडीद डाळीचे पीठ किरकोळ दराने विकत घेण्यात होता. त्यांच्या घरी जाऊन बसण्याआधीच आम्ही सल्ला दिला होता.

३ सप्टेंबर

उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दिवस. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ती आधार क्रमांकावर होते आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. तरी गटातील दोघांनी पूर्वी एजंटाला अनुक्रमे ८०० आणि १,५०० रुपये दिले होते आणि तिसऱ्याने सरकारी वाटणाऱ्या भलत्याच संकेतस्थळावर पैसे भरले होते. आज आम्ही मोबाइलवर सात जणांची नोंदणी केली. चौघांच्या आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला होता, त्यामुळे त्यांचे काम आधार केंद्रातून क्रमांक बदलून आल्याशिवाय होणार नाही. हे आधी तपासले असते तर दुपार वाया गेली नसती.

चटणी, भाकरी आणि पापडवाल्यांची अन्न सुरक्षा नोंदणीही याच आठवड्यात केली. तेव्हाच्या (२०२४ च्या) नियमानुसार वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. जीएसटीविषयी गटात फार भीती होती. माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, एवढे सांगितल्यावर पार्लरवाल्या दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटते त्या याच भीतीने उलाढाल लिहून ठेवायचे टाळत होत्या.

२४ सप्टेंबर

आतापर्यंतची सर्वांत महागडी चूक.

चटणीच्या साध्या पाकिटावर लेबल चिकटवले की एक पाकीट ४ रुपयांना पडते. छापील पाकीट ३ रुपये २० पैशांना मिळत होते, पण किमान ३,००० घ्यावी लागत होती. पाकिटामागे ८० पैसे वाचतात म्हणून मी आग्रह धरला आणि मजकूरही मीच तपासला. ९,६०० रुपयांची पाकिटे आली. अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक १४ अंकी असतो, पाकिटावर १३ अंक छापलेले होते. शिवाय ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांत शेंगदाणा येतो, आणि त्यात शेंगदाणे असल्याचे लेबलवर वेगळे लिहावे लागते. शेंगा चटणीत शेंगदाणे आहेत हे काय लिहायचे, असे मला वाटले होते.

वरून चिकटपट्टी लावावी म्हटले तर तिचेही ९० पैसे, म्हणजे सगळी बचत गेली. आणि नोंदणी क्रमांकावरच पट्टी चिकटवलेली पाहून दोन दुकानदारांनी "हे काय लपवलंय?" असे विचारले. पाकिटे रद्दीत घातली. पैसे चटणीवाल्या ताईंकडून घेणे शक्यच नव्हते, ते प्रकल्पाच्या खर्चात मांडले. ताई पुन्हा साध्या पाकिटावर आणि लेबलावर आल्या आहेत. लेबले एका वेळी ३०० च छापायची, आणि छपाईआधी मजकूर तीन वेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचायचा, असे ठरवले. मोठ्याने वाचताना अंक सुटत नाही.

१ ऑक्टोबर

मार्गदर्शक जोडून देण्याच्या प्रयोगाबद्दल. ऑगस्टपासून आम्ही शहरातील पाच अनुभवी व्यापाऱ्यांना प्रत्येकी दोन-दोन व्यावसायिक जोडून दिले होते. दोघांनी फारच चांगले काम केले. त्यांची पद्धत अशी की ते दुकानात येऊन अर्धा तास नुसते बसतात आणि मग एखादाच प्रश्न विचारतात. एकाने दोन भेटींनंतर फोन उचलणे बंद केले. एकजण प्रत्येक भेटीत स्वतःच्या गोदामाची गोष्ट सांगतो.

पाचव्याने मात्र कडक भाकरीवाल्या मावशींचे बारकावे समजून घेतले आणि महिनाभरात स्वतःच्या दुकानात दुसऱ्या बाईंकडून तशाच भाकऱ्या करून घेऊन विकायला सुरुवात केली. त्यात बेकायदा काही नाही, आणि म्हणूनच मावशींना आम्ही काय सांगावे हे कळेना. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी कुणाकडून आणायची, भाकरी तव्यावरून काढून किती वेळ वाळवायची, सगळे त्याने विचारून घेतले होते. आता नियम असा: मार्गदर्शक त्याच मालाचा उत्पादक किंवा विक्रेता नसावा, आणि पाककृती, पुरवठादार व गिऱ्हाइकांची नावे मार्गदर्शकाला सांगण्याची गरज नाही हे पहिल्याच दिवशी दोघांसमोर बोलून घ्यायचे. मावशींनी माझ्याशी दोन आठवडे बोलणे टाकले होते.

८ ऑक्टोबर

भाकरीच्या पार्सलची चाचणी. पुण्याला २० भाकऱ्यांचे पाकीट पाठवले, ७ तुटून पोचल्या. दोन भाकऱ्यांच्या मध्ये जाड कागद आणि वर-खाली पुठ्ठ्याची गोल चकती घालून पुन्हा पाठवले तेव्हा २ तुटल्या. खर्च पार्सलमागे ११ रुपयांनी वाढला. पावसाळ्यात भाकरी मऊ पडण्याचा प्रश्न सुटलेला नाही. जून ते सप्टेंबर बाहेरगावी न पाठवणे हाच सध्या उपाय.

२२ ऑक्टोबर

टॉवेलवाल्या मालकांची थकबाकी. त्यांचे चार माग आहेत आणि जवळपास सगळा माल एकाच घाऊक व्यापाऱ्याकडे जातो. १,८६,००० रुपये ११० दिवस अडकले होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागते, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यातही असे थकवलेले पैसे देईपर्यंत खरेदीदाराला खर्चात धरता येत नाहीत. कायदा स्पष्ट होता, म्हणून सप्टेंबरच्या मध्यात मी या कलमांसह एक कडक पत्र लिहून दिले.

व्यापाऱ्याने आठवड्यात ६०,००० रुपये दिले आणि पुढची मागणी बंद केली. पाच आठवडे दोन माग उभे आहेत. मालक मला काही बोलले नाहीत, पण त्यांच्या कामगाराने वाचनालयाच्या दारात विचारले, "सर, पत्रानं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. एकाच गिऱ्हाइकावर सगळा धंदा उभा असताना त्याच्याविरुद्ध कायदा वापरण्याआधी दुसरे गिऱ्हाईक हवे, हे मला नोकरीत कधी शिकावे लागले नव्हते.

मागच्या आठवड्यात सहकारी ताई स्वतः त्या व्यापाऱ्याकडे जाऊन चहा पिऊन आल्या. ठरले ते असे: उरलेले पैसे तीन हप्त्यांत, यापुढे प्रत्येक बिलावर तारीख आणि ३० दिवसांची मुदत छापलेली, आणि मागच्या मालाचे पैसे आल्याशिवाय त्यापुढचा माल जाणार नाही. या तिसऱ्या अटीवर व्यापारी सहज तयार झाला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

१९ नोव्हेंबर

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता आणि दिवाळी यांमुळे महिनाभर सरकारी कार्यालयांत कुणी भेटत नाही. उद्या मतदान आहे. पाच आठवड्यांत तीनच वर्ग झाले.

एक चांगली बातमी म्हणजे कार्तिकीच्या आधी टॉवेलवाले मालक पंढरपुरात दोन दिवस फिरले आणि दोन लॉजवाल्यांकडून मिळून ४०० टॉवेलांची मागणी रोखीने घेऊन आले. नग लहान, नफा कमी, पण पैसे त्याच दिवशी. उभ्या असलेल्या मागांपैकी एक सुरू झाला.

लसूण ३८० झाला. दर महिन्याच्या १ तारखेला चटणीचा हिशेब नव्याने मांडायचा नियम असल्याने चटणीवाल्या ताईंनीच आकडा सांगितला: किलोला २५३ रुपये ६० पैसे. अजून २६ रुपये उरतात, म्हणून भाव तोच ठेवला.

१० डिसेंबर

चटणीवाल्या ताईंच्या भाजणी यंत्राच्या कर्जाविषयी. १,८०,००० रुपयांचे यंत्र घ्यावे असे माझे मत होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत तेव्हा (२०२४ मध्ये) प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान मिळत होते. म्हणजे इथे ६३,०००. स्वतःचा वाटा किमान १० टक्के.

बँकेत पहिल्या भेटीत अधिकाऱ्यांनी सहा महिन्यांचा खातेउतारा मागितला. जुलैपूर्वीची सगळी विक्री रोखीत झाल्याने त्यात महिन्याला जेमतेम ११,००० रुपये दिसत होते. ऑगस्टपासून दुकानदारांचे पैसे खात्यात येऊ लागल्यावर आकडा चारपट दिसू लागला, त्यामुळे दुसऱ्या भेटीत बोलणे पुढे गेले. ज्यांना वर्षभरात कर्ज घ्यायचे आहे त्यांनी खात्यातून व्यवहार आजच सुरू करावा, हे आम्ही जूनमध्येच सांगायला हवे होते.

कागद तयार झाले आणि ताईंनी नकार दिला. त्यांनी पाठकोऱ्या पानावर मांडलेले गणित असे: १,६२,००० रुपयांच्या कर्जाचा पाच वर्षांसाठी हप्ता महिन्याला सुमारे ३,५००, अनुदान हातात येत नाही, ते कर्जखात्याला लागते आणि तेही नंतर, सध्या महिन्याला उरतात साधारण ४,६००, यंत्रामुळे एका घाण्यामागे फक्त दीड-दोन तास वाचतात, आणि आठवड्याला ४४ किलोपेक्षा जास्त विकण्याची दुकाने अजून नाहीत. मी त्यात चूक शोधण्याचा प्रयत्न केला, सापडली नाही. त्यांनी त्याऐवजी मदतनीस बाईंचे तास वाढवले आणि वाचलेल्या वेळात रोज एक नवे दुकान विचारायचे ठरवले. दोन आठवड्यांत तीन दुकाने मिळाली.

२१ जानेवारी २०२५

सिद्धेश्वर यात्रा झाली. होम मैदानावर भरणाऱ्या यात्रेच्या बाजारात (गड्ड्यात) पापडवाल्या मावशी, चटणीवाल्या ताई आणि भाकरीवाल्या मावशी यांनी एका ओळखीच्या दुकानाचा कोपरा मिळून घेतला. किरकोळ विक्री असल्याने पाकीट ८५ लाच गेले. पहिल्या दिवशी सुट्ट्या पैशांची तयारी नव्हती आणि क्यूआर कोडचा कागद उन्हाने वाकून चालेना, त्यात गर्दीचे दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठ्यावर चिकटवला.

खर्चाचा हिशेब लिहून ठेवतो. सभागृह ४,५००, प्रोजेक्टर ३,६००, पाहुणे ३,०००, वह्या व झेरॉक्स ४,३००, काटे ६,२००, चहा-नाश्ता ११,२००, पेट्रोल व रिक्षा ८,७०० आणि पाकिटांचा तोटा ९,६००, असे एकूण ५१,१०० रुपये. यातले पहिले तीन खर्च आणि शेवटचा, म्हणजे २०,७०० रुपये, सरळ वाया गेले. सर्वांत उपयोगी पडला तो पेट्रोल आणि रिक्षाचा खर्च.

चौदापैकी नऊ जण अजून वही भरतात. शिवणकामवाल्या चौघींपैकी दोघी ऑगस्टमध्ये परत आल्या, दोघी आल्याच नाहीत. किराणावाल्या काकांनी दिवाळीनंतर सोडले, कारण उधारीची खरी बेरीज घरी कळेल अशी त्यांना भीती वाटली, आणि त्यांच्याशी यावर कसे बोलावे हे आम्हाला जमले नाही. दुसऱ्या टॉवेलवाल्यांनी माग विकून नोकरी धरली. वहीत आकडे पाहूनच त्यांनी तो निर्णय घेतला, त्यामुळे तो आमच्या यशात मोजायचा की अपयशात यावर माझे आणि सहकारी ताईंचे एकमत नाही.

पुढची तुकडी सहा जणांची घेणार आहोत आणि फेब्रुवारीत सुरू करणार आहोत, म्हणजे गणवेशाचा हंगाम लागण्याआधी त्यांच्या घरी बसून हिशेब करण्याची पहिली फेरी पूर्ण होईल. चटणीवाल्या ताई दर मंगळवारी तासभर यायला तयार आहेत, त्यांना येण्या-जाण्याचे १०० रुपये द्यायचे ठरले आहे. वाचनालयाने या वेळी खोलीसाठी ५०० रुपये अनामत मागितली, ती काल भरली.